कानाच्या नळीतली सात मिलिमीटरची गाठ

बाई ५३ वर्षांच्या, व्यवसायाने दुभाषी. कामाचा बहुतेक वेळ कानात इअरफोन. तपासायला आल्या तेव्हा कान दुखतो असं म्हणाल्या नाहीत, ऐकू कमी येतं असंही नाही. "डाव्या कानात इअरफोन बसत नाही, सारखा बाहेर येतो," एवढीच तक्रार. आधी त्यांना वाटलं रबर झिजलं असेल. नवी जोडी घेतली, ती उजव्या कानात नीट बसली आणि डाव्यातून घसरली. मग लहान आकाराचं रबर लावलं, मग त्याहून लहान. यात अकरा महिने गेले.

या अकरा महिन्यांत तोच कान तीनदा ओला झाला, खाजला, ठणकला. तिन्ही वेळा बाहेरच्या कानाचा जंतुसंसर्ग म्हणून थेंब मिळाले आणि आठवड्याभरात बरं वाटलं. एकदा बुरशीचं औषधही झालं. निदान चुकीचं नव्हतं, संसर्ग खरोखरच होता. मधुमेह नाही, कान कोरायची सवय नाही, पोहणं नाही, मग एकाच कानाला पुन्हा पुन्हा का व्हावं, हे मात्र कुणी विचारलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत मीही विचारलं नाही. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे काही तपशील इथे बदलले आहेत. कानातलं सगळं जसंच्या तसं आहे.

मळाच्या मागे

ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याने, पाहिलं तर नळी ओलसर मळाने आणि त्वचेच्या पांढुरक्या पापुद्र्यांनी भरलेली. पडद्याचा मागमूस नाही. ५१२ हर्ट्झचा नादकाटा कपाळावर ठेवला तर आवाज डावीकडे सरकला; त्या कानापर्यंत आवाज पोचायला अडथळा आहे याची ती खूण. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, डाव्या कानाचं हवेतून ऐकणं आणि हाडातून ऐकणं यांत २५ डेसिबलचं अंतर होतं.

मायक्रोस्कोपखाली सक्शनने सफाई सुरू केली. मागच्या भिंतीला सक्शनची नळी टेकली की बाईंना खोकला यायचा. कानाच्या नळीत व्हेगस नसेची एक फांदी येते, तिला डिवचलं की काहींना असा कोरडा खोकला येतो. थांबत थांबत काम केलं. वरचा थर निघाला आणि मागच्या-खालच्या भिंतीवर, नळीच्या तोंडापासून साधारण ८ मिलिमीटर आत, एक उंचवटा दिसला.

गुळगुळीत, करडट गुलाबी, वर अखंड त्वचा. बुडाशी रुंद, देठ नाही. केस नाही, काळा ठिपका नाही, व्रण नाही. बोथट सळईने दाबला तर किंचित दबला, म्हणजे हाड नव्हे. ठोके नाहीत, दाबल्यावर पांढरा पडत नाही. आकार पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा, ७ मिलिमीटरच्या आसपास. या गाठीच्या पलीकडे, पडद्याच्या बाजूला, पापुद्र्यांचा ढीग अडकून कुजत होता.

दर वेळी संसर्ग का होत होता, ते इथे कळलं. कानाच्या नळीची त्वचा स्वतःला झाडत असते. पडद्याच्या मध्यावर तयार झालेला थर हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकतो, नख वाढतं साधारण त्या वेगाने, आणि वाटेत मळ घेऊन बाहेर पडतो. वाटेत बांध घातला की मागे साचणारच. थेंबांनी त्या डबक्यातले जंतू मरत होते, बांध जागेवरच होता.

सफाईनंतर पुन्हा ऑडिओग्राम केला. अंतर २५ वरून ५ डेसिबलवर आलं. गाठ होती तिथेच, तरी ऐकणं जवळपास पूर्ववत. आवाजाला जायला बारीकशी फट पुरते, म्हणून नळी जवळजवळ पूर्ण बुजेपर्यंत माणसाला काही कळत नाही. श्रवण चांगलं आहे यावर गाठीबद्दल निश्चिंत होणं म्हणूनच धोक्याचं. या बाईंच्या कानात रोज एक ठरावीक मापाची वस्तू जात होती, म्हणून त्यांना आधी कळलं. इअरफोन न वापरणारी व्यक्ती असती तर आणखी वर्षभर थेंबच टाकत बसली असती.

दुखतं का, हे दोनदा विचारायचं

पहिल्या दिवशी दुखतं का विचारलं तर उत्तर हो आलं. सुजलेल्या कानात हो येणारच, त्याला काही किंमत नाही. म्हणून आधी संसर्ग आटोक्यात आणला: दोनदा सफाई, दहा दिवस थेंब, कान कोरडा. मग तोच प्रश्न पुन्हा. रात्री जाग येते का? काहीही न करता आतून ओढल्यासारखं, जळल्यासारखं वाटतं का? जबड्याकडे कळ जाते का? सगळ्याला नाही. जोरात दाबलं तर थोडं जाणवतं, बस.

इतका कीस पाडण्याला कारण आहे. नळीच्या या भागात होणाऱ्या गाठींमध्ये अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नावाचा एक कर्करोग येतो. तो संथ वाढतो आणि नसांच्या कडेकडेने पसरतो, त्यामुळे गाठ दिसण्याच्या कितीतरी आधीपासून कान दुखत असतो. डोळ्यांना साधी दिसणारी, पण संसर्ग नसताना महिनोन्‌महिने दुखणारी गाठ साधी धरायची नाही. उलटं मात्र खरं नाही. न दुखणारी गाठ निरुपद्रवीच असते असं समजून कुणी निर्धास्त राहू नये.

चेहऱ्याच्या हालचाली दोन्ही बाजूंनी सारख्या, जबडा पूर्ण उघडत होता, कानापुढची लाळग्रंथी आणि मान चाचपून काही हाताला लागलं नाही.

काय असू शकतं

इथे जागेवरून बरंच कळतं. प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे २५ मिलिमीटर लांब. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा (म्हणजे लवचिक, मऊ हाडाचा), आतला दोन तृतीयांश हाडाचा. कूर्चेच्या भागातली त्वचा जाड, तिच्यात केस, तैलग्रंथी आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. हाडावरची त्वचा कागदासारखी पातळ आणि ग्रंथी जवळपास नाहीतच. आपली गाठ कूर्चेच्या भागात होती, म्हणजे त्वचेच्या कुठल्याही घटकातून ती उगवलेली असू शकत होती.

हाडाची वाढ बाद, कारण गाठ दबत होती. ऑस्टिओमा, म्हणजे हाडाची गाठ, असो की थंड पाण्यात वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांच्या दोन्ही कानांत येणारे हाडाचे उंचवटे, सळईखाली ते दगडासारखे लागतात आणि आतल्या भागात असतात. पॅपिलोमा ही चामखिळीसारखी वाढ, तो खडबडीत, तुऱ्यासारखा असतो. सेबोऱ्हीक केराटोसिस ही त्वचेची साधी वाढ, तो तपकिरी, मेणचट, वर चिकटवल्यासारखा. तीळ असता तर रंग किंवा केस अपेक्षित होता, पण त्वचेच्या खोल थरातले तीळ कधी कधी अगदी कातडीच्याच रंगाचे असतात, म्हणून तो यादीत ठेवला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा कर्णनलिकेचा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग, तरी दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे एक इतकाच दुर्मीळ. तो बहुधा व्रण, रक्तमिश्रित स्राव आणि दाणेदार मांस घेऊन येतो, आणि नेमका याच कारणाने तो 'न बरा होणारा कानाचा संसर्ग' म्हणून महिनोन्‌महिने औषधं घेत फिरतो. इथे त्वचा अखंड होती.

राहिल्या त्या ग्रंथींच्या गाठी. मळग्रंथी म्हणजे काखेतल्या घर्मग्रंथींची चुलत भावंडं, फक्त कानात येऊन वेगळं काम करणारी. त्यांच्या गाठी फार कमी आढळतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला अख्ख्या कारकिर्दीत एखाद-दोन दिसल्या तरी पुष्कळ. दुर्मीळ असल्यामुळे त्या डोक्यात येत नाहीत, हाच त्यांचा खरा उपद्रव.

नव्या डॉक्टरांसाठी एक सूचना इथेच, कारण पुढे बायोप्सीचा विषय आहे. नळीत लाल, ठोके देणारं किंवा दाबल्यावर पांढरं पडणारं काही दिसलं तर चिमटा खाली ठेवायचा. ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, जागा सोडून आलेली मोठी रक्तवाहिनीही असू शकते. आणि मऊ ओलसर मांसाचा गोळा पडद्याच्या छिद्रातून बाहेर आलेला असेल तर तो ओढायचा नाही. त्याचं दुसरं टोक मधल्या कानात रिकिबीच्या हाडाला किंवा चेहऱ्याच्या नसेला चिकटलेलं असू शकतं. आधी स्कॅन, मग हात.

आपणही आधी स्कॅन केला. टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा, बारीक चकत्यांचा सीटी: नळीच्या कूर्चाभागात मऊ ऊतींची गाठ, सीमा स्पष्ट, हाड कुठेही कुरतडलेलं नाही, मधला कान हवेने भरलेला, कानामागचं मास्टॉइड हाड स्वच्छ. एमआरआयमध्ये शिरेतून दिलेल्या काँट्रास्टच्या औषधाने गाठ उजळली, लाळग्रंथीकडे काही शिरलेलं नव्हतं. हे बघणं महत्त्वाचं, कारण नळीच्या पुढच्या-खालच्या कूर्चेत नैसर्गिक फटी असतात, त्यांना सँटोरिनीच्या फटी म्हणतात. गाठ असो वा पू, त्यातून सरळ लाळग्रंथीत उतरतो. आपली गाठ मागच्या बाजूला होती, हे नशीब.

दोन बायोप्सी आणि एक शब्द

पहिली बायोप्सी मी बाह्यरुग्ण विभागातच घेतली आणि ती वाया घालवली. कान नुकताच कोरडा झाला होता, रुग्ण खुर्चीत, वर थोडी भूल. कपच्या चिमट्याने गाठीच्या शेंड्याचा एक घास काढला. तीन दिवसांनी अहवाल: वरची त्वचा, त्याखाली जुनाट दाह, विशेष काही नाही. या अहवालाचा अर्थ 'गाठीत काही नाही' असा नव्हता, 'गाठ मिळालीच नाही' असा होता. वर अखंड त्वचा असलेली गाठ म्हणजे मूळ त्वचेखाली आहे, हे मीच वर लिहिलं आहे, आणि तरी शेंडा कापला. असा अहवाल फाइलला लावून 'दाहच आहे, थेंब चालू ठेवा' म्हणण्याचा मोह किती सोपा असतो, हे त्या दिवशी समजलं. डोळ्यांना दिसलेलं आणि कागदावर आलेलं जुळत नसेल तर पुन्हा तुकडा घ्यायचा.

दुसऱ्या वेळी टेबलावर, स्थानिक भूल टोचून, त्वचेला छोटा छेद देऊन गाठीच्या आतला तुकडा घेतला. या वेळी अहवालात ग्रंथींची रचना आली आणि शेवटच्या ओळीत एक शब्द: सेरुमिनोमा.

तो अहवाल माझ्याआधी बाईंच्या मोबाइलवर पोचला. संध्याकाळी त्यांचा फोन. "डॉक्टर, मी शोधून बघितलं. एका ठिकाणी लिहिलंय साधी गाठ, दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय कॅन्सर. मग मला नक्की झालंय काय?"

त्यांचं वाचन चुकलं नव्हतं, शब्दच तसा आहे. मळग्रंथीची कोणतीही गाठ, सौम्य असो वा घातक, पूर्वी सरसकट याच नावाने ओळखली जायची. १९७२ मध्ये वेटली आणि सहकाऱ्यांनी या गाठींची फोड करून सौम्य अ‍ॅडेनोमा, मिश्र स्वरूपाचा प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा, अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा आणि अ‍ॅडेनोकार्सिनोमा (हे शेवटचे दोन कर्करोग) असे गट मांडले. तेव्हापासून जुना शब्द टाळावा असं सगळे सांगतात, आणि तो अहवालात अजूनही उगवतो. घरात एखाद्याला 'पाहुणा' म्हणावं आणि तो मामा आहे की चोर ते सांगू नये, तसा हा शब्द.

तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना मी फोन लावला.

"मॅडम, सेरुमिनोमा म्हणजे मी काय धरू? सौम्य की घातक?"

"सर, ग्रंथी दिसतात, दोन थरांच्या पेशी दिसतात. सौम्य वाटतंय. पण तुम्ही मला गाठीच्या मधला तुकडा दिलाय. अ‍ॅडेनॉइड सिस्टिकचा मधला तुकडाही कधी कधी असाच शहाण्यासारखा दिसतो. मला मधलं नको, कड हवी. गाठ शेजारच्या ऊतीला ढकलतेय की त्यात शिरतेय, ते कडेवरच कळतं."

"म्हणजे अख्खी काढून द्यायची."

"आजूबाजूच्या थोड्या चांगल्या ऊतीसकट."

पुढची सगळी आखणी या बोलण्यावरून झाली. या गाठींच्या बाबतीत चिमूटभर तुकड्यावरून निकाल लागत नाही. तुकडा फक्त एवढं सांगतो की ही ग्रंथीची गाठ आहे. सौम्य की घातक, हे पूर्ण काढलेली गाठ सांगते. म्हणजे निदानाचं ऑपरेशन आणि उपचाराचं ऑपरेशन एकच, आणि ते दोन्ही कामांना पुरेल असं करायला हवं.

बाईंचा प्रश्न

मी त्यांना तीन वाटा समजावल्या. नुसती गाठ खरवडून काढली तर जखम लहान, पण या गाठींना स्वतःचं वेष्टण नसतं, मागे अंश राहिला की काही वर्षांनी तीच पुन्हा उभी राहते. दुसरी वाट, गाठ तिच्याभोवतीच्या त्वचेच्या किनारीसकट आणि खालच्या कूर्चेसकट एका तुकड्यात काढायची आणि उघड्या जागी त्वचेचं कलम लावायचं. तिसरी वाट, कर्करोग गृहीत धरून सगळी कर्णनलिका पडद्यासकट काढायची. त्याला लॅटरल टेम्पोरल बोन रिसेक्शन म्हणतात.

"दोनदा ऑपरेशन होण्यापेक्षा एकदाच मोठं करून टाकलं तर?" त्यांनी विचारलं. प्रश्न शहाणा होता आणि अनेक रुग्ण तो विचारतात. मी सांगितलं, मोठ्या ऑपरेशनमध्ये नळीबरोबर पडदा जातो, हातोडा आणि ऐरण ही दोन हाडं जातात, बाहेरचं भोक बहुधा शिवून कायमचं बंद करावं लागतं. त्या कानाने नेहमीसारखं ऐकणं संपतं. घातक गाठीसाठी ही किंमत रास्त आहे, आणि अ‍ॅडेनॉइड सिस्टिक निघाला तर मी स्वतः त्याचा आग्रह धरीन, जोडीला कानापुढच्या लाळग्रंथीचा भाग आणि नंतर किरणोपचारही. पण सौम्य गाठीसाठी दुभाष्याचा कान बंद करणं मला परवडणार नाही, तुम्हालाही नाही.

त्यांनी दुसरी वाट निवडली. पुढे मोठं ऑपरेशन लागू शकतं हे संमतिपत्रात स्पष्ट लिहून घेतलं.

टेबलावर

पूर्ण भूल. कानाच्या पाळीपुढच्या खाचेतून नळीत उतरणारा छेद, मायक्रोस्कोप. चेहऱ्याच्या नसेचा मॉनिटर लावला. गाठीच्या जागेपासून नस लांब होती, पण कान उघडताना तो लावायची सवय चांगली.

गाठीच्या कडेपासून चारही बाजूंना ४ मिलिमीटर मोजून त्वचेवर खूण केली. नळीचा व्यास मुळात ८-९ मिलिमीटर, म्हणजे या किनारीसकट भिंतीचा चांगला अर्धा घेर निघणार होता. इथे हात आखडतो. कमी काढलं तर गाठ राहते, जास्त काढलं तर बरी होताना नळी आवळते. पूर्ण गोल फिरून त्वचा काढली तर आवळणं जवळजवळ ठरलेलं, म्हणून पुढच्या भिंतीची त्वचेची पट्टी जिवापाड सांभाळली.

खालच्या बाजूला कूर्चेवरचं आवरण आणि त्याखालची कूर्चेची पातळ चकती गाठीबरोबर घेतली. आतल्या टोकाला कूर्चा संपून हाड सुरू होतं. तिथे त्वचा हाडावरून सोलून काढली, हाड कोरडं आणि गुळगुळीत होतं.

तुकडा बाहेर आला आणि जी पाच मिनिटं बरेच जण घाईत गमावतात ती आम्ही वापरली. पातळ त्वचा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रवात, पडली की गुंडाळी होते, मग कुठली कड कुठली ते देवालाही सांगता येत नाही. तुकडा सपाट पट्टीवर टाचण्यांनी ताणून बसवला, बाहेरच्या कडेला आखूड टाका, पुढच्या कडेला लांब टाका, आणि कागदावर हाताने नकाशा काढून सोबत पाठवला. नळीत उरलेल्या चार कडांच्या पट्ट्या फ्रोझन सेक्शनला, म्हणजे गोठवून ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला, गेल्या. चारही स्वच्छ आल्या. गाठ सौम्य आहे का हे फ्रोझनला विचारलं नाही. घाईच्या चकतीवर त्याचं उत्तर मागणं पॅथॉलॉजिस्टवर अन्याय आहे.

त्याच कानामागची त्वचा घेऊन, पातळ करून उघड्या भागावर पसरली. वर सिलिकॉनच्या पट्ट्या, त्यावर औषधी गॉझ घट्ट भरला. कलम जगतं ते खालच्या भिंतीला चिकटून. मध्ये रक्त साचलं किंवा कलम सरकलं की गेलं.

०.८ मिलिमीटर

अहवाल आठ दिवसांनी आला. गाठ ७ × ५ × ४ मिलिमीटर. वेष्टण नाही, पण सीमा स्वच्छ, शेजारच्या ऊतीला नुसती ढकलणारी. आत लहानमोठ्या ग्रंथी आणि पोकळ्या. प्रत्येक ग्रंथीला पेशींचे दोन थर: आतल्या थराच्या पेशी गुलाबी, टोकाला फुगवटा, आणि कित्येकांमध्ये पिवळट तपकिरी कण. हा मळाचा रंग, मळग्रंथीची ओळखपत्रावरची सहीच. पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्यांत आतला थर सीके-७ ला, बाहेरचा थर पी-६३, सीके-५/६ आणि एस-१०० ला उमटला. क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन या दोन प्रथिनांच्या चाचण्या नकारात्मक, म्हणजे मधल्या कानातली अ‍ॅडेनोमा बाहेर डोकावतेय असंही नाही. नसांभोवती पेशी नाहीत, मृत भाग नाही, विभाजन पावणाऱ्या पेशी तुरळक. निदान: सेरुमिनस अ‍ॅडेनोमा. या वेळी तो जुना शब्द कुठेच नव्हता.

बाजूच्या कडा ३ मिलिमीटर किंवा जास्त अंतरावर. खोलीकडची कड मात्र एका जागी ०.८ मिलिमीटर.

आता काय? पुन्हा उघडून तिथली कूर्चा आणखी काढावी, असं माझ्या एका सहकाऱ्याचं ठाम मत होतं. माझं नव्हतं. घातक गाठीत ०.८ मिलिमीटरवर मी झोपलो नसतो. पण ही सौम्य गाठ, कड जवळ असली तरी स्वच्छ, मधे कूर्चेचं आवरण शाबूत, आणि जागा अशी की पुन्हा काही उगवलं तर मायक्रोस्कोपखाली दोन मिलिमीटरची असतानाच दिसेल. त्यासाठी नुकतं रुजणारं कलम उखडायचं म्हणजे नळी आवळण्याला आमंत्रण. बाईंना दोन्ही मतं सांगितली, सहकाऱ्याचंही, त्याच्या कारणांसकट. त्या म्हणाल्या, "बघत राहू." कमी काढून निर्धास्त होणं वेगळं आणि बघत राहणं वेगळं; दुसऱ्यात रुग्णाने वेळच्या वेळी यायचं कबूल केलेलं असतं. सगळ्याच रुग्णांबाबत मी हा निर्णय घेतला नसता.

नंतरचं

सोळाव्या दिवशी गॉझ काढला. कलम गुलाबी, एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा भाग काळपट. तो आठवड्याभरात सुटून आला आणि खाली दाणेदार मांस उगवलं. सिल्व्हर नायट्रेटने दोनदा जाळलं. दुसऱ्या महिन्यात नळीच्या तोंडाशी कडं आवळायला लागलं. स्टिरॉइडचे थेंब आणि फुगणारी वात, दर चार दिवसांनी बदलत, सहा आठवडे. हा काळ ऑपरेशनपेक्षा कंटाळवाणा आणि रुग्णाच्या सहनशक्तीचा जास्त अंत पाहणारा असतो. ऑपरेशनआधी तो कुणी नीट सांगत नाही. मीही "थोडं ड्रेसिंग लागेल" एवढंच बोललो होतो, त्यावर त्यांनी नंतर मला चांगलं सुनावलं. आता मी बारा आठवड्यांचा हिशेब आधीच देतो.

शेवटी नळी उजव्या कानाच्या मानाने थोडी अरुंद राहिली, पण उघडी राहिली. पडदा पूर्ण दिसतो. ऐकण्यातलं अंतर ५ डेसिबलच्या आत.

एक गोष्ट कायमची बदलली. रोपलेल्या त्वचेला बाहेर सरकण्याची मूळ सवय नसते आणि तिच्यात मळग्रंथीही नाहीत. तो पट्टा कोरडा राहतो, खाजतो, आणि पापुद्रे तिथेच साचतात. म्हणून दर सहा महिन्यांनी सफाई, खाज आली तर तेलकट थेंब, आणि कानात काडी घालायची नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं, प्रत्येक वेळी त्याच कोनातून एंडोस्कोपचा फोटो घेऊन मागच्या फोटोशेजारी ठेवला. ०.८ मिलिमीटरच्या जागेवर फोटोत लाल बाण काढलेला आहे. वर्षाने एमआरआय केला, तो स्वच्छ होता.

आता तीन वर्षं झाली आहेत. मागच्या भेटीत त्यांनी इअरफोन सोबत आणले होते. उजव्या कानाला मधल्या मापाचं रबर लागतं, डाव्याला सर्वांत लहान. "पण बसतो," त्या म्हणाल्या आणि डावा कानात घालून दाखवला.